पायाळू कोकरू

परळला वाडिया प्रसूतिगृहापासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत चालत जायला फारसा वेळ लागत नाही. पहिलं १९२६ सालचं, दुसरं १८८६ चं. एकीकडे बाई अडते, दुसरीकडे शेळी अडते, आणि मराठीला या दोन प्रसंगांसाठी वेगवेगळी क्रियापदं घडवावीशी वाटलेली नाहीत. तसं हे क्रियापद रोजच्या वापरातलं. पावसाळ्यात दार फुगून अडतं, महिनाअखेरीला माणूस पैशासाठी अडतो, आणि अडलेला हरी कोणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण विण्याच्या बाबतीत या शब्दाने थोडा घोळ करून ठेवलाय. वाटेत अडकतं ते कोकरू आणि आपण म्हणतो मेंढी अडली. जणू सगळा कारभार आईचा आणि कोकरू म्हणजे नुसतं आतलं सामान.

कोकरू सामान नसतं. त्याचं तोंड कोणत्या बाजूला, पाय कुठे दुमडलेले, पाठ वर की खाली, हे नीट समजून घेतलं की कळतं, बाहेर पडायची तयारी बरीचशी त्याची तेच करतं. बाहेर पडायचा दिवससुद्धा तेच ठरवतं.

मुंबईत मेंढ्या कमी, शेळ्या पुष्कळ. धारावीत, गोवंडीत, कुर्ल्याच्या गल्ल्यांत जुना टीशर्ट घातलेली शेळी भिंतीवरचं पोस्टर चघळताना दिसते. मेंढरं पाहायची तर दिवाळीनंतर रायगडात उतरावं. घाटावरचे धनगर खाली आलेले असतात, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवलेली असतात, आणि मुक्काम हलला की घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडातून कालपरवा जन्मलेल्या कोकरांची डोकी बाहेर डोकावतात. गर्भाशयापुरतं बोलायचं तर शेळी आणि मेंढी जवळजवळ सारख्याच, त्यामुळे इथे मेंढी लिहिलंय तिथे शेळी वाचायला हरकत नाही. फरक जुळ्यांचा. दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू होतं, उस्मानाबादी शेळीला जुळी करडं सर्रास. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जीन दख्खनी मेंढीत आणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्ण’ तयार केली, तेव्हापासून मेंढपाळांनाही जुळ्यांचा अनुभव येऊ लागला. आत दोन जीव आले की ठेवणीचे, म्हणजे कोण कसं पडून आहे याचे, घोळही वाढतात, त्याकडे पुढे येऊच.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सिफॅलिक’ हा शब्द वाचून निःश्वास टाकणाऱ्या शहराला गर्भ म्हटलं की डोकं खाली, पाय वर असं उभं चित्र आठवतं. ते आधी आडवं करावं लागतं. मेंढी चार पायांवर उभी, तिचं गर्भाशय पोटाच्या तळाशी आडवं पडलेलं. बाहेरची वाट खाली नसून मागे आहे. म्हणजे वजनाने खाली सरकत सरकत वाटेला लागण्याची सोय कोकराला नाही.

गर्भाशयाचा आकार बेचक्यासारखा. गलोलीचं बेचकं घ्या. मुठीत धरायचा दांडा म्हणजे गर्भाशयमुख आणि योनीमार्ग, दोन फांद्या म्हणजे गर्भाशयाची दोन शिंगं. शास्त्रात त्यांना शिंगंच म्हणतात आणि रिकामी असताना ती मेंढ्याच्या शिंगांसारखी खरोखर वळलेली असतात. दोन फांद्या जिथे मिळतात ती जागा अगदी तोकडी, जेमतेम दोनेक सेंटीमीटरची. कोकरू वाढतं ते शिंगात. एकटं असेल तर एका शिंगात, पण त्याची वार, म्हणजे आईकडून अन्न घेणारा प्लॅसेंटा, दुसऱ्या रिकाम्या शिंगातही पसरते. घर एका खोलीत आणि सामान दोन खोल्यांत, हा प्रकार मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. जुळी असतील तर बहुधा एकेका शिंगात एकेक. दोन्ही बीजं एकाच अंडाशयातून सुटली तरी त्यातलं एक पुष्कळदा पलीकडच्या शिंगात जाऊन राहतं.

पोटाच्या डाव्या बाजूला मेंढीचं मोठं पोट, म्हणजे चाऱ्याची कोठी. म्हणून भरलेलं गर्भाशय उजवीकडे आणि तळाशी सरकतं. शेवटच्या महिन्यात दोघांत जागेवरून ओढाताण होते आणि हरते ती कोठी. मेंढीची भूक वाढलेली, चारा मावायची जागा कमी झालेली. जुळी पोटात असलेली मेंढी याच दिवसांत अंगातली चरबी जाळू लागते, सुस्तावते, कळपापासून वेगळी उभी राहते, डोळे असून आंधळ्यासारखी वागते. उपाय आधीच करायचा असतो. शेवटचे सहा आठवडे नुसता पाला न देता रोज पाव किलोच्या आसपास खुराक द्यावा, कारण जन्माच्या वेळच्या वजनातलं जवळजवळ ७० टक्के वजन कोकरू या दीड महिन्यातच कमावतं.

गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण १४७ दिवस. हा आकडा लक्षात ठेवायची एक सोपी खूण आपल्या पंचांगात आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही याचं नवल वाटतं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. पाच चांद्रमास म्हणजे जवळजवळ १४७ दिवस आणि सोळा तास. म्हणजे ज्या तिथीला मेंढी फळली, पाच महिन्यांनी त्याच तिथीच्या आगेमागे ती विणार. आषाढी एकादशीला फळलेली मेंढी मार्गशीर्षातल्या एकादशीच्या सुमाराला. मध्ये अधिक महिना आला तर तो पाचांत धरायचा. चार-पाच दिवस इकडेतिकडे चालायचंच.

या पाच महिन्यांतला पहिला पंधरवडा विलक्षण असतो. फलित बीज चौथ्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशयात उतरतं आणि मग गोल राहण्याऐवजी लांबत जातं. दोन आठवड्यांचं झालं की त्याचा दहा-पंधरा सेंटीमीटरचा, केसासारखा बारीक धागा झालेला असतो. कोकरू अजून ठिपक्याएवढं, धागा त्याच्या वारेचा. हा धागा शिंगभर पसरून एक रासायनिक निरोप पाठवत राहतो की मी आहे, पुढचा माज येऊ देऊ नकोस. निरोप पोचला नाही तर मेंढी सतराव्या दिवसाच्या सुमाराला पुन्हा माजावर येते.

सोळाव्या दिवसापासून धागा भिंतीला चिकटायला लागतो, तोही सगळीकडे नाही. गर्भाशयाच्या आत बटणांसारख्या गाठी असतात, ७० ते १०० च्या आसपास. मेंढीत या गाठी मधे खोलगट, छोट्या वाटीसारख्या. वारेचे गुच्छ त्या वाट्यांमध्ये रुततात आणि तिथेच आईच्या रक्तातलं अन्न कोकराच्या रक्तात उतरतं. रक्तात रक्त मात्र मिसळत नाही. मधला पडदा इतका जाड की आईची रोगप्रतिकारक द्रव्यंही पलीकडे जात नाहीत. त्यामुळे मेंढीचं पिल्लू या बाबतीत अगदी कोरं जन्माला येतं आणि सगळी भिस्त चिकावर. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलिलिटर चीक पोटात जायला हवा. तीन किलोच्या कोकराला दीडशे मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचा ग्लास काठोकाठ भरून दीड-दोन वेळा. दादरला खरवसाची वडी खाताना वासराच्या वाट्याचं काय, असा प्रश्न मनात आला तर तो रास्त समजावा.

ठेवणीकडे येऊ. साठाव्या दिवशी कोकरू डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत अकरा-बारा सेंटीमीटरचं असतं, भोवती पाणी भरपूर. त्या वयात ते कुठेही तोंड करून असतं, गिरक्या घेतं, पाणी गिळतं. सोनोग्राफीत ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान एक की दोन हे मोजता येतं, पण तेव्हा दिसलेल्या दिशेला काही अर्थ नाही. नव्वदाव्या दिवशी पंचवीसेक सेंटीमीटर, शेवटी पन्नासच्या जवळ. अंग वाढतं तसं वळायला जागा उरत नाही आणि शेवटच्या महिन्यात बहुतेक कोकरं डोकं गर्भाशयमुखाकडे करून स्थिरावतात.

स्थिरावतात म्हणजे तयार होतात असं नाही. इथे पशुवैद्य तीन वेगळे प्रश्न विचारतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी ठेवतात. एक, कोणतं टोक वाटेकडे आहे, डोकं की ढुंगण? दोन, कोकराची पाठ आईच्या कोणत्या बाजूला लागून आहे, वरच्या कण्याला की खालच्या पोटाला? तीन, मान आणि पाय ताठ आहेत की दुमडलेले? हे तीन प्रश्न एकमेकांत कालवले की पुढचं सगळं बिघडतं. ‘पिल्लू उलटं आहे’ असं कोणी फोनवर सांगितलं तर त्याचा काहीही अर्थ होऊ शकतो.

शेवटच्या आठवड्यात कोकराचं डोकं वाटेकडे असलं तरी पाठ बहुधा खाली किंवा कुशीला असते, हनुवटी छातीशी, पुढचे पाय गुडघ्यात मुडपून हनुवटीखाली. थंडीत पांघरुणात मुटकुळं करून झोपावं तसं. या अवस्थेत ते जन्मूच शकत नाही. कळा सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत त्याला गिरकी घेऊन पाठ आईच्या कण्याखाली आणावी लागते, मग पुढचे पाय सरळ करावे लागतात, मान लांब करून नाक त्या पायांवर टेकवावं लागतं. पाण्यात सूर मारताना हात पुढे आणि डोकं दोन हातांच्या मधे, तेच रूप. बाहेरून पाहणाऱ्याला तेव्हा एवढंच दिसतं की मेंढी अस्वस्थ आहे, पायाने जमीन उकरते, बसते, उठते. कास तटतटलेली, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे खळगे पडलेले. आत चाललेली हालचाल दिसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची हालचाल तीच असते.

हे कोकरू स्वतः करतं याचा पुरावा मेलेल्या कोकराकडून मिळतो. पोटातच दगावलेलं किंवा फार अशक्त कोकरू पाय सरळ करत नाही, मान फिरवत नाही. म्हणून वाकड्या ठेवणीत अडकलेल्यांत अशी कोकरं बरीच सापडतात. अडल्यामुळे मेलं असं आपण समजतो, कधी कधी मेल्यामुळे अडलेलं असतं.

दिवस कोण ठरवतं, याचं उत्तर मिळायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरांत मेंढ्यांना एकडोळी कोकरं होत. कारण निघालं एक रानटी वनस्पती, व्हेरॅट्रम. गाभणपणाच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे तो धागा लांबत असताना, मेंढीने ते खाल्लं तर कोकराच्या मेंदूची घडणच बिघडे. त्या मेंढ्यांचं आणखी एक लक्षण होतं. दिवस भरून उलटले तरी त्या विईनात. पुढे १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स यांनी पोटातल्या कोकराची मेंदूच्या तळाशी असणारी पिट्युइटरी ग्रंथी नष्ट करून पाहिली आणि गाभणपण लांबतच गेलं. उलट, कोकराच्या रक्तात कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या जातीचं औषध सोडलं तर मेंढी वेळेआधी व्याली. म्हणजे कोकराचा मेंदू त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना जागं करतो, त्या कॉर्टिसोल सोडतात, वार आपला कारभार बदलते, आणि मग आईला कळा येतात. हुकूम पोटातून सुटतो.

लिगिन्सना एक गोष्ट खटकली. वेळेआधी जन्मलेल्या त्या कोकरांची फुप्फुसं त्या वयाच्या मानाने जास्त तयार होती, त्यांत हवा शिरत होती. तेच कॉर्टिसोल फुप्फुसंही पिकवत होतं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी हा उपाय मुदतीआधी कळा आलेल्या बायकांवर तपासून प्रसिद्ध केला. आज कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात सातव्या महिन्यात कळा घेऊन आलेल्या बाईला त्याच जातीच्या डेक्सामेथॅसोनची सहा मिलिग्रॅमची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी, एकूण चार. पाच महिन्यांच्या गाभण मेंढीने नऊ महिन्यांच्या गर्भारणीला दिलेली ही ओटी, एवढी नोंद तरी आपण ठेवायला हरकत नाही.

बहुतेक वेळा कोणाला काही करावं लागत नाही. पहिली पिशवी फुटते, पातळ पाणी जातं. मग दुसरी, बुळबुळीत पाण्याची. तिच्यातून दोन फिकट खूर दिसतात, तळवे जमिनीकडे, आणि त्यांच्या वर थोडं मागे नाक. डोकं आणि खांदे निघाले की बाकीचं सरकन येतं. पिशवी फुटून मेंढी जोराने कळा देतेय आणि अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलेलं नाही, तर हात घालून पाहायची वेळ झाली.

हात घालण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे आणि तिथेच लोक घाई करतात. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, मेंढीचा मागचा भाग साबणाने धुतलेला, हातमोजा आणि त्यावर भरपूर बुळबुळीत जेल. पाचही बोटं एकत्र जुळवून शंकू करायचा आणि दोन कळांच्या मधे आत सरकवायचा. कळ येत असताना हात स्तब्ध. मोठा पंजा असलेल्याने हे काम लहान पंजाच्या माणसाला द्यावं, मेंढीच्या कटीची वाट तेवढीच असते.

आत दिसत नाही, सगळं बोटांना वाचावं लागतं. पाय लागला तर पुढचा की मागचा? खुरापासून वर सरकत दोन सांधे चाचपा. दोन्ही सांधे एकाच बाजूला मुडपत असतील तर पुढचा पाय. पहिला एकीकडे आणि दुसरा उलट बाजूला मुडपत असेल तर मागचा, कारण वरचा सांधा घोट्याचा, ढोपराचा नव्हे. नुसत्या तळव्याच्या दिशेवर विसंबू नये. तळवा वर लागला म्हणजे मागचा पाय असा एक समज आहे, पण उताणं पडलेल्या कोकराचे पुढचे पायही तसेच लागतात. दोन पाय लागले तर प्रत्येकावरून बोट वर नेत खांद्यापर्यंत जायचं, तिथून छातीवरून पलीकडच्या खांद्यापर्यंत. दोन्ही पाय एकाच धडाचे आहेत याची खात्री होईपर्यंत काहीही ओढायचं नाही. जुळ्यांत एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अशी जोडी हाताला लागते, आणि जोर लावणारा माणूस दोन कोकरं एकाच दारातून एकदम ओढत असतो. दादरला दोघांनी एकदम उतरायचा प्रयत्न केला की जे होतं, तेच. एकाला आत ढकलून दुसऱ्याला वाट द्यावी लागते.

ढकलणं हा या कामातला कळीचा शब्द. नवख्याला ओढावंसं वाटतं, जाणत्याला आधी मागे सारावंसं वाटतं. कटीच्या हाडांच्या कड्यात पाय सरळ करायला जागाच नसते, जागा असते ती आत, पोटात. मदतनीसाने मेंढीचा मागचा भाग काही क्षण वर उचलून धरला की कोकरू पुढे घरंगळतं आणि हाताला चार बोटं जास्त मिळतात.

एक पाय मागे राहिलेला असेल तर गुडघा वर ढकलून, खूर तळहातात झाकून, पुढे आणायचा. खूर झाकायचा तो गर्भाशयाची भिंत फाटू नये म्हणून. मान मागे कुशीला वळलेली असेल तर काम कठीण. दोन खूर वाटेत, नाकाचा पत्ता नाही. आधी दोन्ही पायांना स्वच्छ सुती दोरीचे सैल फास लावून ठेवायचे, म्हणजे पाय आत गेले तरी हरवत नाहीत. मग छातीला मागे सारून, जबडा नव्हे तर सगळं थोबाड तळहातात घेऊन वाटेकडे वळवायचं. खालच्या जबड्याला धरून ओढलं तर तो मोडतो. डोक्याला फास लावायचाच तर कानांच्या मागून घेऊन तोंडातून काढायचा, गळ्याभोवती कधीच नाही.

याच्या उलट प्रकार दिसायला भयानक. डोकं बाहेर, दोन्ही पाय आत. तासाभरात डोकं सुजून दुप्पट होतं, जीभ निळी पडून लोंबते, आणि पाहणारे मेलं म्हणून सोडून देतात. जिभेला चिमटा काढून बघावा. जिवंत असेल तर जेल लावून, हळूहळू मागे सारून, एक पाय जरी पुढे आणता आला तरी सुटका होते. सूज पुढे एक-दोन दिवसांत ओसरते.

आता पायाळू. मराठीत पायाकडून जन्मलेल्या माणसाला हा खास शब्द आहे आणि त्याला खास अधिकारही आहेत. पायाळूला जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं म्हणतात, त्याच्यावर वीज पडते म्हणतात, आणि पाठीत उसण भरली की शेजारच्या पायाळूला बोलावून त्याचा पाय लावून घेतात. मुंबईच्या चाळींतही ही सेवा उपलब्ध असायची. माणसांत दिवस भरताना बाळ ढुंगणाकडून किंवा पायांकडून असण्याचं प्रमाण शंभरात तीन-चार. पायाळूचं एवढं कौतुक कशाचं? पूर्वीच्या काळी त्या वाटेने येऊन जिवंत राहिलं, हेच मुळात कौतुक.

कोकरू मागच्या पायांनी येत असेल आणि दोन्ही पाय सरळ असतील तर त्याला वळवायला जाऊ नये. वळवण्याएवढी जागा आत नसते आणि प्रयत्नात गर्भाशय फाटतं. तसंच काढावं. फक्त एक लक्षात ठेवायचं, घोटे बाहेर येईपर्यंत सावकाश आणि एकदा ढुंगण कटीत शिरलं की चटचट. नाळ त्या वेळी कटीच्या हाडावर दाबली जाते, कोकराला पहिला श्वास घ्यावासा वाटतो, आणि नाक अजून आत पाण्यात असतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे नुसतं ढुंगण वाटेत, दोन्ही मागचे पाय पुढे पोटाखाली दुमडलेले. वाटेत काही टोकदार शिरत नाही, त्यामुळे मेंढी धड कळाही देत नाही. पिशवी फुटलीय, मेंढी कंटाळल्यासारखी उभी, दिवस असाच जातो. हात घातला तर लागते फक्त शेपटी. कोकराला पुढे, आईच्या डोक्याच्या दिशेने सारायचं, एक घोटा पकडून वर आणि बाहेरच्या बाजूला न्यायचा, त्याच वेळी खूर तळहातात झाकून आतल्या बाजूने वाटेत ओढायचा. मग दुसरा. झालं पायाळू, आता वरच्यासारखं.

ओढायचं ते कळेबरोबर, आणि सरळ मागे नव्हे तर कमानीत खाली, मेंढीच्या मागच्या घोट्यांकडे. दोन पायांपैकी एक जरासा पुढे ठेवला की खांदे तिरके होऊन अरुंद होतात. सोफा चाळीच्या दारातून काढणाऱ्या हमालाला ही युक्ती कोणी शिकवलेली नसते. दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही, किंवा गर्भाशयमुखच दोन बोटांहून जास्त उघडलेलं नाही असं लागलं, तर हट्ट सोडून पशुवैद्य. न उघडलेलं मुख बोटांनी ताणून उघडत नाही, फाटतं. मग पोटाच्या डाव्या बाजूने चिरून कोकरू काढतात. डावीकडे कोठी असते, ती आतडी बाहेर येऊ देत नाही.

मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, गल्लीच्या तोंडाशी शेळी विते तेव्हा सगळी वस्ती भोवती जमते. त्यातल्या गर्भार बायकांना मात्र लांब ठेवावं, अगदी वाईटपणा घेऊन. शेळ्या-मेंढ्यांत गर्भ पाडणारे काही जंतू, टॉक्सोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, लिस्टेरिया, माणसाच्या गर्भालाही सोडत नाहीत, आणि त्यांचा साठा वारेत आणि पाण्यात असतो. वार सहसा दोन-तीन तासांत पडते. ती कुत्र्यांपुढे टाकू नये, चुना घालून पुरावी. लोंबती वार ओढून काढू नये, बटणं तुटून रक्त जातं.

पहिलं कोकरू निघालं की नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचा, कोरड्या कापडाने खसखसून चोळायचं, काडीने नाक चाळवायचं, नाळेचं टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवायचं, आणि कोकरू आईच्या नाकापाशी ठेवायचं. त्यानंतर हात पुन्हा एकदा आत. आणखी कोणी आहे का, हे न पाहता उठणाऱ्या माणसाला उस्मानाबादी शेळीने बऱ्याचदा फजीत केलंय.

आत असताना बोटांना खुराचं टोक खुरासारखं लागत नाही. मऊ लागतं, ओल्या साबणाच्या वडीसारखं. बाहेर आल्यावर पाहिलं तर प्रत्येक खुराच्या तळाशी पिवळट-पांढऱ्या, रबरी झालरीचं टोपण असतं. पाच महिने आत लाथा मारताना गर्भाशयाला आणि पिशवीला ओरखडा उठू नये म्हणून घातलेले हे मोजे. हवा लागली की ते सुकू लागतात, आणि अर्ध्या तासाने कोकरू चार वेळा कोसळून पाचव्यांदा उभं राहतं तेव्हापासून झिजू लागतात. मुंबईत खाली लादी असते, तिच्यावर ते मोजे घसरतात. गोणपाट आधीच अंथरून ठेवावं.